दाढेतला नाला

पडद्यावरच्या दोन रेघा एकमेकींवर अशा चपखल बसल्या होत्या, की त्या दोन आहेत हे आधी माहीत नसतं तर विशाखाने एकच रेघ समजून पुढे पाहिलं असतं.

तिने यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं. ज्याचं उत्तर तिला पाठ होतं असा प्रयोगशाळेतला नमुना घालून पाहिला. यंत्राने ते उत्तर बिनचूक दिलं. मग तिने त्या दोन रेघा परत काढल्या. निळी रेघ गावाची, तांबडी वस्तीची. तांबडी निळीच्या खाली दडून बसली होती. मधूनच कुठे तरी डोकावत होती, एवढंच.

खैरटेकच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गात पाणवठा आयोगाचं शिबिर होतं. मे महिना, पंखे गरम हवाच ढवळत होते. निकाल दोन्ही पक्षांसमोर काढायचा असा नियम, म्हणून एका बाकावर विहिरीचे मालक श्रीकांत मांडवकर आणि दुसऱ्यावर वस्तीचे वकील निशिकांत बागडे बसले होते. मांडवकरांना पडदा वाचता येत नव्हता, पण विशाखाचा चेहरा येत होता.

"काय म्हणतात मग दात?" त्यांनी विचारलं.

"फरक नाही," विशाखा म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "गावातल्या आणि वस्तीतल्या, दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांनी लहानपणी एकच पाणी प्यायलंय. विहिरीचं."

मांडवकर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते समाधानाने मान हलवत उठले. "मी पहिल्या दिवसापासून तेच सांगून राहिलो, मॅडम. खैरटेकात भेदभाव कधीच नव्हता. म्हणून तर मी म्हटलं, वस्तीचीच पोरगी मोजू द्या. मागून तक्रार नको."

निशिकांतने विशाखाकडे पाहिलं. तो तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, त्याच वस्तीतला, लहानपणी तिला सायकलवर बसवून फिरवणारा. त्या नजरेत राग असता तर तिला उत्तर देता आलं असतं. त्यात नुसतं 'असं कसं?' होतं, आणि तिच्याकडेही तेवढंच होतं.

*

पाण्याची खूण दातात कशी राहते, हे विशाखाने या महिन्याभरात एवढ्या लोकांना समजावलं होतं की आता तिला ते गोष्टीसारखं सांगता यायचं.

चंद्रपूर जिल्ह्याच्या या कोपऱ्यात दोन जमिनी एकमेकींना भेटतात. पश्चिमेकडून आलेला काळा दगड, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला बेसाल्ट, खैरटेकच्या खाली येऊन संपतो. पूर्वेचे डोंगर त्याच्या कितीतरी पट जुन्या, तांबूस, चमकदार दगडाचे आहेत. त्या जुन्या दगडात रुबिडियम नावाचं मूलद्रव्य भरपूर असतं. ते अतिशय सावकाश, कोट्यवधी वर्षं घेत, बदलत जातं आणि त्याचं स्ट्रॉन्शियम होतं, तेही वजनाने किंचित जड असलेलं. म्हणून जुन्या दगडातून झिरपलेल्या पाण्यात जड स्ट्रॉन्शियमचं प्रमाण जास्त, काळ्या दगडातल्या पाण्यात कमी. चवीत फरक नाही, रंगात नाही. पण स्ट्रॉन्शियमचा स्वभाव कॅल्शियमसारखा. मूल जे पाणी पितं त्यातलं थोडं त्याच्या दातात जाऊन बसतं, आणि दाताचं कवच, म्हणजे एनॅमल, एकदा घडलं की जन्मात बदलत नाही. हाडं बदलतात, कातडी बदलते, माणूस बोलतो ते बदलतं. एनॅमल तसंच राहतं.

खैरटेकची मोठी विहीर काळ्या दगडात होती. वस्तीच्या मागचा नाला पूर्वेच्या डोंगरातून यायचा. धान्य सगळ्यांचं एकाच काळ्या रानातलं. म्हणजे दातात फरक असलाच, तर तो पाण्याचा.

पूर्वी यासाठी दात उपटून त्याचा तुकडा मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागायचा. आता सुटकेसमध्ये मावणारं यंत्र होतं. लेझरचा एक बारीक ठिपका, केसाच्या जाडीहून कमी खड्डा, दुखणं नाही. राज्य सरकारने पाणवठा आयोग नेमला तो या यंत्राच्याच भरवशावर. ज्या गावात जातीमुळे लोकांना एखाद्या पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं असं सिद्ध होईल, तिथला तो पाणवठा साऱ्या गावाच्या मालकीचा, सातबारावर नाव कोणाचंही असो. साक्षीदार मरत चालले होते. दात बोलतील, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं.

खैरटेकच्या बाबतीत हे नुसतं जुन्या न्यायाचं प्रकरण नव्हतं. बोअर आटल्या होत्या. नाला हल्ली दिवाळीनंतर कोरडा पडायचा. भर उन्हाळ्यात तालुक्यात पाणी टिकवणारी एकच विहीर होती, ती मांडवकरांच्या कुंपणात, आणि तिच्यावरून टँकर भरून विकले जात होते. वस्ती ते विकत घ्यायची.

आणि वस्तीची साक्ष देणारा मुख्य माणूस होता लहानुजी थूल. विशाखाचे आबाजी.

*

"मंग मी लबाड?" आबाजी म्हणाले.

ते ओट्यावर खाटेवर बसले होते. त्यांची अक्कलदाढ ठणकत होती, गालाला लवंगेचं तेल लावलेला कापूस होता, त्यामुळे शब्द एका बाजूने येत होते.

"तसं कोण म्हणतं, आबाजी?"

"तुही मशीन म्हनते."

"मशीन एवढंच म्हणते, की तुम्ही लहानपणी विहिरीचं पाणी प्यायलात."

"मशीनले काय समजते!" आबाजी उठले, पुन्हा बसले. "लिहून घेतलं ना आयोगाच्या त्या बाईनं माहं बयान? विहिरीवर आमाले बंदी होती. आमी नाल्याचं पानी पेलो, पन त्यायच्या दारात हात नाई पसरला."

हे वाक्य विशाखाला जन्मापासून पाठ होतं. दर चौदा एप्रिलला विहारासमोरच्या मांडवात कोणी ना कोणी ते म्हणायचंच. नागपूरच्या शाळेत, वक्तृत्व स्पर्धेत, तिने स्वतः ते हात उंच करून म्हटलं होतं, आणि तिला दुसरं बक्षीस मिळालं होतं. आयोगाने हे काम दिलं तेव्हा ती आनंदाने आली. तिला वाटलं होतं, या वाक्याचा पुरावा ती आता दशांश चिन्हानंतरच्या पाच आकड्यांत देणार.

निशिकांत भिंतीला टेकून उभा होता. "लहानुबाबा, एक सांगा. खरंखरं. कोणी चोरून आणायचं का विहिरीचं पाणी?"

"चोर बी म्हन आता!"

"निशिकांतदादा, एकट्या आबाजींचा दात असता तर तसं मानलं असतं," विशाखा म्हणाली. "वस्तीतल्या सगळ्यांचेच तसे आलेत. अख्खी वस्ती रोज, वर्षानुवर्षं चोरी करत नाही."

"मग काय समजायचं?"

यंत्र खोटं नव्हतं, हे ती शपथेवर सांगू शकत होती. आबाजी खोटे नव्हते, हेही. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना खोटं पाडत होत्या, आणि अशा वेळी काय करायचं ते एम.एस्सी.ला शिकवलं होतं: मधल्या कुठल्या तरी पायरीवर आपण न तपासलेलं काही तरी गृहीत धरलेलं असतं, ते शोधायचं. पण कोणतं? रात्री जेवताना आबाजींनी तर तिच्याकडे पाहिलंच नाही. ताटावरून उठताना आजीच्या फोटोकडे पाहून एवढंच म्हणाले, "शिकवलं आपनच."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी विशाखा विहिरीच्या पाण्याचा नमुना पुन्हा घ्यायला गेली. कदाचित विहिरीच्या झऱ्यातच पूर्वेचं पाणी मिसळत असेल, एवढी एक शंका बाकी होती. आबाजी मागून आले. मांडवकरांच्या माणसाने फाटकाचं कुलूप काढलं.

विहीर मोठी, दगडी बांधणीची. पंपाचे पाइप आत सोडलेले होते, पण जुना रहाट अजून होता. बाजूला मांडवकरांच्या घराची पडवी, तिथे खुर्चीवर एक वृद्ध बाई बसली होती. श्रीकांत मांडवकरांची आत्या, द्रौपदाबाई. नवरा वारल्यावर फार पूर्वी माहेरी परत आलेली. गाव तिला द्रौपदाआत्या म्हणायचं. गावाच्या बाजूने तपासलेल्या दातांत तिचाही दात होता.

विशाखाने बादली सोडली, ओढून घेतली, बाटली भरली. बाटलीवर खूण करून झाकण लावलं आणि वळली.

"मले दे जरासं," आबाजी म्हणाले. "दाढ जळून राह्यली."

ते विहिरीजवळ आले नव्हते. काठापासून दूर, एका चपट्या दगडावर उभे होते. तो दगड मधोमध खोलगट झालेला होता. विशाखा बादली घेऊन गेली. पेला नव्हता. आबाजी वाकले, दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडापाशी धरली आणि मान खाली घातली. विशाखाने बादली उचलली आणि वरून धार धरली. ते पिऊ लागले, घटाघटा, मनगटावरून कोपरापर्यंत पाणी वाहत होतं.

"खाली धर वं बादली," पडवीतून द्रौपदाबाईचा आवाज आला. "बुढ्याच्या आंगावर उडून राह्यलं."

विशाखाने बादलीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात छातीच्या वर होते. कोणी सांगितलं होतं तिला इतकं उंच धरायला? आबाजी ज्या अंतरावर उभे होते, ज्या तऱ्हेने वाकले होते, त्या आकाराला दुसऱ्या बाजूने तेवढीच उंची बसत होती. तिच्या हातांना ते न सांगता समजलं होतं.

धार थांबली. आबाजींनी वर पाहिलं.

"आबाजी," ती म्हणाली, "तुम्ही असेच प्यायचे? लहानपणी?"

"म्हंजे कसं?"

"याच दगडावर उभं राहून. कोणी वरून ओतायचं?"

"मंग?" आबाजींना प्रश्नच कळला नाही. "बाया मडके घेऊन बसत इथं. गावातलं कोनी आलं, त्यायच्या मनात आलं, तं वरून वतून देत मडक्यात. तहान लागली तं ओंजयीत. सारेच असे पेत. तुले का मालूम नव्हतं?"

"म्हणजे पाणी विहिरीचंच होतं!"

"मंग काय आभाळातून येईन? विहिरीले हात लावाची बंदी होती, म्हनलं ना मी."

विशाखा बादली खाली ठेवून त्या ओल्या जमिनीवरच बसली. "मग भाषणात नाल्याचं म्हणतात ते?"

"थे एका सालचं हाये," आबाजी म्हणाले. "दुष्काय पडला त्याच्या आदल्या सालचं. थ्या साली वतून देनं बंद केलं त्यायनं. आमच्या बायायनं बी म्हनलं, नको तुमचं. साल सवासाल नाल्यावर काढलं. मंग सरकारी हापशी आली वस्तीत." त्यांनी ओली मनगटं धोतराला पुसली. "थेच सांगतो आमी. बाकीचे सालं कोनी मांडवात सांगते काय? हात पसरून उभं राह्याचं, यात सांगासारखं काय हाये, बाई?"

*

पाणी एकच होतं. फरक होता तो धारेच्या उंचीचा, आणि उंची कुठल्याच दातात साठत नाही.

विशाखाने हे आयोगाच्या अध्यक्षांना, एका निवृत्त न्यायाधीश बाईंना, फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण हा तुमच्या आजोबांचा शब्द झाला, आणि त्यांनी आधी दिलेला शब्द वेगळा होता. दातात काही आहे का?"

दातात काही आहे का? सगळे दात एकाच वेळी घडत नाहीत, हे विशाखाला आता आठवलं आणि तिला स्वतःचा राग आला. तिने पुढच्या दाढा तपासल्या होत्या, कारण लेझर तिथे सहज पोहोचतो. त्या दाढांचं कवच जन्मापासून तीन-चार वर्षांत पुरं होतं. अक्कलदाढ उगवते उशिरा, पण हिरडीच्या आत तिचं कवच आठव्या-नवव्या वर्षापासून थरावर थर चढत घडत असतं. दुष्काळाच्या आदल्या साली आबाजी दहा वर्षांचे होते. ते एक साल कुठे लिहिलेलं असेल तर त्या ठणकणाऱ्या, दंतवैद्याने काढून टाकायला सांगितलेल्या दाढेत.

"आता हे बी कोरते काय?" आबाजी म्हणाले, पण त्यांनी तोंड उघडलं.

या वेळी तिने एक ठिपका घेतला नाही. कवचाच्या टोकापासून मुळाकडे ठिपक्यांची रांग घेतली, म्हणजे वर्षामागून वर्ष. पडद्यावर रेघ सरकू लागली. विहीर. विहीर. विहीर. मग रेघ एकदम वर चढली, डोंगर चढावा तशी, थोडी वरच राहिली, आणि पुन्हा उतरून काळ्या दगडाच्या पातळीवर आली. हापशीही काळ्या दगडातलीच होती.

"हे काय हाये?" आबाजींनी त्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"नाला," विशाखा म्हणाली. "तुमचं ते साल."

आबाजी पडद्याजवळ वाकले. मग कापूस गालावर नीट दाबून म्हणाले, "एवढंसंच दिसते काय थे?"

वस्तीत अक्कलदाढ शाबूत असलेले आणखी काही त्या वयाचे लोक निघाले. प्रत्येकात तोच उंचवटा, त्याच वयाला. निशिकांतने तिला जवळजवळ उचललंच. "विशू, हेच! पाणी एकच होतं, पण ते बंद करायचा हक्क एकाच बाजूला होता. बंद केलं तेव्हा कोणाच्या दातात नाला आला? वस्तीच्या! गावाच्या एकाही दातात नसणार. संपलं प्रकरण."

गावाच्या बाजूचे दात मात्र अजून मोजायचे होते. ती ते मोजत गेली आणि रेघा सपाट येत गेल्या. शेवटची दाढ होती द्रौपदाबाईची. तिची रेघ सपाट चालता चालता वर चढली, थोडी वरच राहिली, आणि उतरली.

*

"नोंदीत घोटाळा झाला असेल," निशिकांत म्हणाला.

"नोंदी पुन्हा पाहिल्या. तिचीच आहे."

"मग यंत्रात काही तरी असेल त्या वेळी."

"यंत्र चुकलं म्हणायचं, तर वस्तीचे उंचवटेही चुकले म्हणावे लागतील."

निशिकांतने खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. "विशू, ऐक. एक दाढ आहे. म्हातारी आहे, दात किडलेत, नमुना खराब निघाला. शास्त्रात खराब नमुने टाकतात की नाही? टाक."

"खराब असले तर टाकतात. हा समजत नाहीये. समजत नाही म्हणून टाकत नसतात."

"आपण शास्त्र करायला बसलोय का इथे? उन्हाळा चाललाय. लोक टँकरच्या मागे धावतायत. तो श्रीकांत ही एक दाढ घेऊन उभा राहील आणि म्हणेल, बघा, आमच्याही बाईच्या दातात नाला आहे, म्हणजे ज्याला वाटेल तो नाल्यावर जायचा. मग काय सांगशील?"

काय सांगणार होती? तिच्या तक्त्यात दोन रकाने होते, गाव आणि वस्ती. कोणाला कोणत्या रकान्यात घालायचं याचा तिला एकदाही विचार करावा लागला नव्हता. आता एका दाढेची रेघ हातात घेऊन ती मध्येच उभी होती, आणि ती दाढ कोणत्या बाजूची हे सांगायला कोणतंच यंत्र नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, निशिकांतचंच बरोबर असेल. लगेच वाटलं, आबाजींना खोटं ठरवणारी रेघ मी दाखवली, ती झाकली नाही. मग हीच का झाकू?

ती पडवीत गेली. द्रौपदाबाई एकटीच होती. तिने मुकाट्याने तोंड उघडलं, विशाखाने पुन्हा ठिपके घेतले. उंचवटा जिथल्या तिथे होता.

"काय दिसते वं?" म्हातारीने विचारलं.

"नाल्याचं पाणी दिसतं, आत्याबाई. साधारण एक सालाचं. तुम्ही दहा वर्षांच्या असताना."

द्रौपदाबाईने तोंड मिटलं. हाताने गाल चाचपला, जणू आत कोणी बसलं आहे का ते पाहावं.

"दातात राह्यते काय थे?" ती हळूच म्हणाली.

"राहतं."

"अन् दुसरं? दुसरं बी राह्यते काय?"

"दुसरं म्हणजे?"

तेवढ्यात श्रीकांत मांडवकर आतून आले. "आत्या, औषधाची वेळ झाली," म्हणाले, आणि विशाखाकडे पाहत उभे राहिले. विशाखाने सुटकेस बंद केली. त्या संध्याकाळी तिने सगळ्या रेघा, एकही न वगळता, दोन्ही पक्षांना पाठवून दिल्या. निशिकांतने फोन उचलला नाही.

*

निशिकांत म्हणाला होता तसंच झालं. सुनावणीला मांडवकरांच्या वकिलाने सातवीच्या फळ्यासमोर उभं राहून तीच एक रेघ दाखवली. आवाज गोड होता.

"अध्यक्षमहोदया, ही रेघ गावातल्या सर्वांत प्रतिष्ठित घराची. या घरच्या मुलीला कोण पाणी नाकारणार? विहीर त्यांच्या अंगणात. म्हणजे दोनच शक्यता. एक, यंत्र बेभरवशाचं आहे. दोन, त्या साली लोक आपल्या खुशीने नाल्याचं पाणी प्यायचे. दोन्हींत भेदभाव कुठे आला?"

अध्यक्षांनी विशाखाकडे पाहिलं. "तुमचं स्पष्टीकरण?"

"माझ्याकडे नाही," विशाखा म्हणाली. "मोजमाप बरोबर आहे. अर्थ मला माहीत नाही."

वर्गात चुळबूळ झाली. आबाजी पहिल्या बाकावर बसले होते, लहान मुलांच्या बाकावर, गुडघे वर आलेले. त्यांनी मान वळवून नातीकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थही तिला कळला नाही.

"मले मालूम हाये," मागून कोणी तरी म्हणालं.

द्रौपदाबाई भिंतीला धरून उठत होती. श्रीकांतनी तिचा दंड धरला. "आत्या, बस. तब्येत बरी नाही तुझी."

"सोड रे. दातालेच इचारून राह्यले ना सारे? माहा दात हाये, मी सांगतो." तिने हात सोडवून घेतला. तिच्या वयाच्या बाया बोलताना अजून 'सांगतो' म्हणायच्या. "मशीन बराबर हाये. थ्या साली मी नाल्याचंच पानी पेली."

"का?" अध्यक्षांनी विचारलं.

"पोहोरा वताचं काम माह्याकडं होतं. सकाळी बाया मडके घेऊन बसत, मी वरून वतो. एका दिवशी लय बाया होत्या. माहा हात दुखला. लहान होती मी. लहान्याची... लहानुजीची माय पुढं होती. तिच्यासमोर मी पोहोरा भुईवर ठेवून देल्ला. म्हनलं, घ्या तुमचं तुमी. तिनं उचलला अन् वतून घेतलं. थे माह्या बाबानं पाह्यलं."

तिने पदराने तोंड पुसलं.

"त्यायचं पानी बंद केलं. अन् मले म्हनलं, तू बी त्यायच्यातलीच झाली. गोठ्यात ठेवलं मले. माहं मडकं येगळं. पानी नाल्याचं, गडी आनून ठेवे. मायनं मले साल सवासाल हात नाई लावला." मग ती वकिलाकडे वळली. "खुशीनं नाई पेली, बाप्पा."

वकिलाने श्रीकांतकडे पाहिलं. श्रीकांत जमिनीकडे पाहत होते.

अध्यक्षांनी त्याच दुपारी निर्णय दिला. विहीर गावाची. कुंपण काढायचं. निकालपत्रात त्यांनी लिहिलं, की गावाच्याच घरातल्या व्यक्तीच्या साक्षीमुळे वस्तीच्या म्हणण्यास बळकटी मिळाली.

ते वाचताना निशिकांतने विशाखाचा हात घट्ट दाबला. बाहेर ढोल सुरू झाला होता. विशाखाला आनंद झाला होता, हे नक्की. पण त्या आनंदाला कुठे तरी खडा लागत होता. आबाजी आयुष्यभर तेच सांगत होते. वस्तीतली प्रत्येक म्हातारी सांगत होती. त्याला बळकटी यायला एक यंत्र लागलं, आणि यंत्रालाही पुन्हा मांडवकरांच्या पडवीतला शब्द लागला. तिला द्रौपदाबाईचे पाय धरावेसे वाटत होते आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटत होतं, की इतकी वर्षं कुठे होता तुम्ही? आणि ज्या वर्षाचं भाषण करून तिने बक्षीस मिळवलं होतं, त्याची सुरुवात एका दमलेल्या पोरीच्या दुखऱ्या हातापासून झाली होती. हे चौदा एप्रिलला मांडवात सांगायचं की नाही?

"आबाजी, तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"मायनं पोहोरा उचलला थे मालूम होतं. आमी म्हनतो, मायनं हिसकला." त्यांनी डोकं खाजवलं. "थ्या पोरीनं ठेवून देल्ला, थे मायनं कधी सांगतलं नाई. का तिले बी नाई समजलं, कोन जाने."

*

संध्याकाळी कुंपण तोडलं. अख्खी वस्ती विहिरीवर आली, गावातलेही काही आले. पडवीतली खुर्ची रिकामी होती. पंप बंद करून रहाटाला नवा दोर लावला होता, आणि पहिली बादली लहानुजींनी काढायची असं ठरलं.

आबाजी आधी सवयीने त्या चपट्या दगडावर जाऊन उभे राहिले. लोक हसले, कोणी तरी म्हणालं, "बाबा, आता तिथं नाई, इकडं या!" ते ओशाळून काठाशी आले. बादली सोडली. दोर हातातून सरकला, खाली पाण्याचा आवाज झाला. विशाखा मदतीला पुढे झाली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. थांबत थांबत बादली वर आली. त्यांनी ती काठावर ठेवली, एका हाताने पाणी घेतलं आणि प्यायले.

सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"कसं लागलं, आबाजी?" विशाखाने विचारलं.

त्यांनी पुन्हा एक घोट घेतला. तोंडात घोळवला, दुखऱ्या दाढेवरून नेला. कपाळावर आठी पडली, एखादी वस्तू ठेवल्या जागी न सापडल्यासारखी.

"हे तं थेच हाये वं," ते म्हणाले.

"तेच असणार, आबाजी. पाणी तेच आहे."

"थेच हाये," ते पुन्हा म्हणाले आणि तिच्याकडे असे पाहू लागले, जणू हे तरी तिच्या यंत्राने समजावून सांगावं.

मागून घागरी घेतलेल्या बाया पुढे सरकल्या. कोणी तरी दोरासाठी हात पुढे केला. आबाजी बाजूला झाले, त्यांनी वाट करून दिली, बादलीही देऊन टाकली. दोराचं टोक तेवढं त्यांनी मुठीत धरून ठेवलं होतं, आणि ते सोडायला त्यांना कोणी सांगितलं नाही.